पक्ष्यांच्या कार्डावर मगर काढली तर काढू दे

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारीचं माहेर इंदूरचं, सासर बडोद्याचं, राहायला मांजलपूरला. लेक सहा वर्षांची, पहिलीत. गेल्या उत्तरायणला, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीला, त्यांच्या अगाशीवर (गच्चीवर) एक कबूतर मांजात पंख कापून पडलेलं तिनं पाहिलं, बाबांबरोबर ते खोक्यात घालून पोचवायला पण गेली, आणि आल्यावर आपणहून आठ कार्डं केली की "हे विका आणि पक्ष्यांना औषध आणा". आजीच्या भजनी मंडळातल्या बायकांनी हौसेनं घेतली. आता यंदा त्या सगळ्याजणी म्हणतायत की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हीच कार्डं लुटू, शंभर द्या. पोरीनं अकरा केली आणि हात वर केले. वर पक्ष्यांऐवजी मगरी काढायला लागलीय. आई पाच कार्डांमागे एक चॉकलेट देऊन बघतेय, आणि ती झोपली की रात्री गुपचूप चोची आणि पंख नीट करतेय. नवरा म्हणतो सरळ तूच कर, कोणाला कळणार आहे. तर करावं काय, कागद कुठला घ्यावा, किंमत किती ठेवावी, आणि मुलीत खरंच कला आहे का.

तुला अगं-तुगं करते हं, माझ्या भाचीच्या वयाची असशील. मी दांडिया बाजारात मुलांचा चित्रांचा वर्ग घेते, तीस वर्षं होत आली, शिकले इथल्याच फाइन आर्ट्स कॉलेजात. कार्डं विकून कशाकशासाठी पैसे जमवायचे उद्योग आम्ही चिक्कार केलेत आणि त्यातले निम्मे बिघडवलेत पण, त्यामुळे मी सांगते त्यातलं बरंचसं चुकून चुकून शिकलेलं आहे.

पहिलं म्हणजे ती रात्रीची दुरुस्ती आजपासून बंद. हे मी रागावून नाही सांगत, मी स्वतः केलंय म्हणून सांगतेय. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला, इथे बडोद्यात पण घरं हलली, आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. मग वर्गातल्या मुलांनी कार्डं केली, विकून पैसे पाठवायचे होते. एका मुलानं, असेल सात वर्षांचा, प्रत्येक कार्डावर घरांची रांग काढली आणि सगळी घरं एका बाजूला कललेली. मला वाटलं याला सरळ रेघ जमत नाही, आणि विकायची तर जरा बरी दिसायला हवीत, म्हणून मी रात्री बसून स्केल घेऊन सगळी उभी केली, वर काळ्या पेननं बाह्यरेषा पण दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं बघितलं आणि मला विचारलं, "बाई, ही तर पडतच नाहीयेत, मग पैसे कशाला मागायचे?" मला उत्तर देता आलं नाही. तो नंतरही वर्गाला यायचा, पण महिनाभर तरी चित्र काढताना कागदावर हात आडवा धरून काढायचा, मला दिसू नये म्हणून.

तर तुझ्या लेकीनं पंख भलामोठा आणि डोकं वाटाण्याएवढं काढलं असेल ना, ती चूक नाहीये. या वयात मुलं डोळ्याला दिसतं त्या मापानं काढत नाहीत, मनाला जे मोठं वाटतं ते मोठं काढतात. पंखाला लागलं होतं, म्हणून पंख मोठा. पोटातलं अंडं बाहेरून दिसतं, घराच्या भिंतीतून आतली आजी दिसते, हे सगळं या वयाचंच. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून एक मोठे कलाशिक्षक होऊन गेले, त्यांनी मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या लावून दाखवल्यात, साधारण दोन ते चार गिरगोटे, चार ते सात माणूस झाड घर ओळखू येईल असं काहीतरी, आणि सात ते नऊ म्हणजे मुलाचा आपला एक ठरलेला साचा तयार होतो, खाली जमिनीची पट्टी, वर आभाळाची निळी पट्टी आणि मध्ये कोरा कागद. तुझी लेक बरोबर दोन पायऱ्यांच्या मधे उभी आहे. ती मधली कोरी जागा बघून आयांचा जीव कासावीस होतो आणि त्या म्हणतात अगं आभाळ खालपर्यंत रंगव की. का रंगवायचं? तिला विचार, ती सांगेल आभाळ वर असतं. आणि खरंच वर असतं.

आता मगर. तू लिहिलंयस तशी ही "विषय सोडून" भानगड आहे असं मला अजिबात वाटत नाही. बडोद्याच्या पोरांच्या डोक्यात मगर असतेच, विश्वामित्री गावातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत हे इथल्या प्रत्येक पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. त्यात २०२४ च्या ऑगस्टमधला तो पूर, पाणी सोसायट्यांमधे घुसलं आणि मगरी रस्त्यावर आल्या, त्या दिवसांत माझ्या वर्गात दोन महिने दुसरं काही कोणी काढलंच नाही. एकानं तर मगर स्कूटरवर मागे बसवली होती. तुझी लेक तेव्हा चारएक वर्षांची असेल, तिनं काय बघितलं काय ऐकलं कोण जाणे, पण ते आत्ता बाहेर येतंय. आणि तू नीट बघितलंयस का की ती मगर काय करतेय? तूच लिहिलंयस की एका कार्डात मगरीच्या तोंडात दोरी आहे. अगं मग ती मांजा खातेय! पक्ष्यांच्या कामाचीच मगर आहे ती. कदाचित नसेलही, कदाचित नुसती मगर असेल, तरी चालेल.

यावरून एक खरी गोष्ट सांगते. युनिसेफची ग्रीटिंग कार्डं तुमच्या घरी कधी आली असतील, आमच्या वेळी दिवाळीत ऑफिसांमधून यायची. त्या सगळ्या कार्डांची सुरुवात एका सात वर्षांच्या मुलीच्या चित्रापासून झाली. यित्का साम्कोवा तिचं नाव, चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यातली. दुसरं महायुद्ध संपलेलं, गावाला युनिसेफची मदत मिळालेली, म्हणून १९४७ मध्ये तिनं आभाराचं चित्र काढलं, आणि कागद मिळत नव्हता म्हणून काचेवर काढलं. चित्रात काय, तर उंच खांबाभोवती फेर धरून नाचणारी मुलं. १९४९ मध्ये त्याचं कार्ड छापलं गेलं. यात तुझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, विषय होता भूक आणि औषधपाणी, पण तिनं नाच काढला आणि कोणी तिला म्हटलं नाही की बाळा दुधाची बाटली काढ. आणि दुसरी त्याहून महत्त्वाची, तिनं चित्र एकच काढलं. एक! बाकीची छापखान्यानं काढली.

तिथंच तुमचा घोळ झालाय बघ. सहा वर्षांच्या पोरीला तुम्ही छापखाना केलंत.

आठ कार्डं तिनं स्वतःच्या मनानं केली ती वेगळी गोष्ट आणि शंभरची ऑर्डर वेगळी. त्यात चॉकलेट घातलंस. हे चॉकलेटचं प्रकरण दिसायला साधं आहे पण यावर अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी फार सुंदर प्रयोग केलेला आहे. तीन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळात आवडायचं अशीच निवडली. काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक तेच दिलं, आणि काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात नुसती ठेवली आणि लांबून बघत बसले की कोण आपणहून उचलतं. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही, बिघडलं ते सौदा केलेल्यांचं. म्हणजे खाऊ द्यायचा तर दे की, पण असाच दे, कार्डं मोजून नको. मी पूर्वी वर्गात चांगल्या चित्राला तारा द्यायची, ते हे वाचल्यावर सोडलं, आणि पालकांनी महिनाभर मला छळलं की तारे का बंद केले. मुलांपैकी एकानंही विचारलं नाही.

मग शंभर कार्डांचं काय. सांगते.

तिच्या अकरातली चार निवडा, म्हणजे तू नाही, ती निवडेल. चारही तिनं मगरीची निवडली तर चारही मगरीची. ती चांगल्या दुकानात ३०० डीपीआयला स्कॅन करून घे, मोबाइलचा फोटो नको, कडेनं सावली येते आणि पांढरा कागद पिवळा दिसतो. डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे बारा बाय अठरा इंचांचा मोठा कागद असतो, त्यावर ए-फाइव्ह मापाचे चार तुकडे बसतात, आणि ए-फाइव्ह मधोमध दुमडलं की ए-सिक्स, म्हणजे पोस्टकार्डाहून जरासं मोठं सुबक कार्ड. चार चित्रं एका कागदावर, तर पंचवीस कागदांत तुझी शंभर कार्डं झाली. कागद जाडीला अडीचशे ते तीनशे जीएसएमचा सांग, आणि चकचकीत नको, मॅट घे, चकचकीत कागदावर पेननं लिहिता येत नाही आणि आज्यांना आत काहीतरी लिहायचंच असतं.

आणि हाताचं काय राहिलं त्यात, असं म्हणशील. तर प्रत्येक कार्डावर एक छोटी जागा कोरी सोड. तिथे ती अंगठ्याचा ठसा देईल, ठशाला चोच आणि दोन पाय काढले की झाला पक्षी. हे काम मुलांना फार आवडतं कारण हात माखतात आणि लगेच होतं. तरीसुद्धा एका बैठकीला वीस-पंचवीसच्या वर नको, या वयाची पोरं पंधरा-वीस मिनिटं मन लावून बसतात, पुढचं सगळं आपलं रेटणं असतं. आणि पन्नासावर कंटाळली तर उरलेली पन्नास ठशाशिवाय जातील, काही आभाळ कोसळत नाही. मंडळातल्या बायकांना सरळ सांग की पोरगी कंटाळली. त्यांनीही पोरं वाढवलीयत. शिवाय घाई कसली आहे, हळदीकुंकू काय एका दिवशी संपतं का, रथसप्तमीपर्यंत वेळ आहे.

नवरा म्हणतो तूच कर, त्याचं उत्तर वेगळं देत नाही. तुझी चित्रं तुझ्या नावानं विक हवं तर, छान विकली जातील. पण मुलीच्या हातची म्हणून तुझी विकायची नाहीत.

आता नवीन चित्रं काढायची असतील तर एक युक्ती सांगते, ही माझ्या अख्ख्या अनुभवातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे असं समज. मुलाच्या हातात दुमडलेलं कार्ड कधीच द्यायचं नाही. एवढासा कागद, त्यात पुढची बाजू कुठली मागची कुठली, त्यात चुकलं तर अख्खं कार्ड वाया, त्या धास्तीनंच हात आखडतो. तिला मोठा कागद दे, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा, जमिनीवर पसरून, आणि काढू दे काय काढायचं ते. मग एका पुठ्ठ्याला कार्डाच्या मापाची चौकोनी खिडकी काप आणि ती खिडकी तिच्याच हातात दे. ती ती चित्रावर फिरवते आणि थांबते, "इथे!" म्हणते. कधी नुसती शेपटी येते, कधी अर्धा सूर्य आणि पतंगाचं टोक. मोठी माणसं असं निवडूच शकत नाहीत, आपण सगळं मधोमध ठेवतो. तेवढा भाग कापून कार्डावर चिकटवायचा. मात्र कापायच्या आधी विचारायचं. काही मुलांना आपलं चित्र कापलेलं अजिबात सहन होत नाही, मग रंगीत झेरॉक्स काढून ती कापायची.

सामानाबद्दल विचारलंयस. इथे राहून तू बाजारातून स्टिकर आणि ग्लिटर आणतेस हे वाचून मला हसूच आलं. वासी उत्तरायण म्हणजे संक्रांतीनंतरचा दिवस, तो उलटला की दुसऱ्या दिवशी सकाळी अगाशीवर जा, झाडांवर तारांवर आणि गटारीत जेवढा रंगीत कागद पडलेला असतो तेवढा कुठल्या दुकानात मिळणार नाही. यंदाच्या कार्डांना तो उशिरा पडेल, पण गोळा करून जुन्या वहीत दाबून ठेव, वर्षभर पुरतो. फाटलेल्या पतंगांच्या कामट्या काढून टाकायच्या कारण त्यांच्या बारीक सळ्या बोटात जातात, आणि दोरीला पोरांना हात लावू द्यायचा नाही, अजिबात नाही, तिच्यावर काचेची पूड असते. दोरीचे गुंते तू किंवा तिचे बाबा जाड हातमोजे घालून गोळा करा. कार्डावर "थीम" म्हणून मांजाचा तुकडा चिकटवायची कल्पना एका हुशार बाईंनी आमच्याकडे मांडली होती, तिथल्या तिथे बंद केली.

पतंगाचा कागद पातळ असतो, त्याला फेव्हिकॉल थापलं की सुरकुत्या पडतात आणि डाग दिसतात. मैद्याची पातळ खळ कर, ब्रशनं आधी कार्डाला लाव आणि वर कागद अलगद सोड, बोटानं घासायचं नाही. जुने बाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते मुलांच्या खळीत चुकूनही घालू नकोस, विषारी आहे, त्यापेक्षा रोज वाटीभर ताजी कर. आणि गंमत म्हणजे यातल्या काही कागदांचा रंग पाण्यानं सुटतो. फाडलेले तुकडे कोऱ्या कार्डावर ठेवायचे, वरून ओल्या ब्रशनं भिजवायचे, वाळले की उचलायचे, खाली असे काही रंग पसरलेले असतात की बास. कात्रीपेक्षा फाडणं बरं, फाडलेली कड मऊ दिसते. कात्री द्यायचीच तर बोथट टोकाची, आणि पोरगी डावखुरी असेल तर डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते ती घे, साध्या कात्रीनं डाव्या हातानं कापताना रेघ दिसत नाही आणि मग आपण म्हणतो हिला कापता येत नाही.

ग्लिटर नको. ते प्लास्टिकच असतं, आठवडाभर घरातल्या भातात सापडतं, आणि पक्ष्यांसाठी म्हणून केलेल्या कार्डावर तर बरंच दिसत नाही.

दुमडायचं काम मोठ्यांचं. आपण नुसतं हातानं दाबून दुमडतो म्हणून जाड कागदाची घडी फाटल्यासारखी होते. संपलेल्या बॉलपेनचं टोक स्केलला धरून घडीच्या जागी एक खोल रेघ ओढ आणि मग दुमड. कागदाला पण कापडासारखा आडवा-उभा कल असतो, दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघायचं, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या बाजूनं घडी छान बसते. छापून घेणार असशील तर प्रिंटिंगवाल्याकडेच घडीची रेघ पाडून मिळते. हातकागद वापरायचा असेल तर अहमदाबादला साबरमती आश्रमाच्या आवारात कलमखुश आहे, तिथे चिंध्यांपासून केलेला मिळतो, सुरेख असतो, पण त्यावर स्केचपेन फुटतं, खडू किंवा ठसे चांगले उठतात. ठशांना भेंडी, अर्धं कारलं, कांदा, सगळं चालतं. बटाट्यावर आकार कोरायच्या फंदात पडू नकोस, ते पुन्हा आईचंच काम होऊन बसतं.

आतला मजकूर. इथे पण तू "पक्षी वाचवा, निसर्ग वाचवा" लिहून दिलंस आणि तिच्याकडून गिरवून घेतलंस. ते भिंतीवर महापालिका लिहिते. तिला विचार काय लिहू, आणि ती बोलेल ते जसंच्या तसं उतरव. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं होतं, "पोपटाला पण घरी जायचं असतं, त्याला उशीर करू नका." याच्या वर मी काय लिहिणार? आणि तिला स्वतः लिहायचं असेल तर लिहू दे. आपल्या इथली मुलं गुजराती शिकतात, गुजरातीला शिरोरेघ नसते, त्यामुळे मराठी लिहितात तीही बिनरेघेची, वरती टांगायला काही नाही अशी मोकळी अक्षरं. सासूबाईंना ते खटकतंय म्हणतेस. सासूबाईंना म्हणावं, बडोद्याचं मराठी आहे, असंच असतं.

पैशाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगली माणसं पण ढिलाई करतात. समजा छपाई, कागद, पाकीट धरून कार्ड १२ रुपयांना पडलं आणि ४० ला विकलं, तर कामाला २८ रुपये गेले. हे कार्डाबरोबर तोंडानं का होईना, सांगायचं. "सगळे पैसे पक्ष्यांना" असं म्हणायचं असेल तर खर्च तुम्ही घरातून घाला. किंमत फार चढवू नकोस, वाण म्हणून शंभर घेताना बायका हिशोब करणारच, त्यात गैर काही नाही. ज्या संस्थेला देणार तिला आधी विचार, तिच्या नावावर परस्पर पैसे गोळा करायचे नसतात. ट्रस्ट रजिस्टर्ड आहे ना बघ, पावती घे. देणगीवरची ८०जीची करसवलत पावतीवर ज्याचं नाव त्यालाच मिळते, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं नाहीतर ऑनलाइन द्या. पावतीचा फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाक, पुढच्या वर्षी मागावं लागणार नाही.

पण लेकीसाठी चेक म्हणजे काहीच नाही. तिच्यासाठी काचेची बरणी ठेव, त्यात नाणी टाकू दे, दर रविवारी ओतून मोजू दे. आणि त्या पक्षीवाल्यांना विचार की वस्तू काय लागतात. बहुतेक ठिकाणी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी आणि जुने टॉवेल सांगतील. मग एक खोकं तिनं रंगवलेलं पण जाऊ दे. तिला परत न्यायचं तर बरे होत आलेले पक्षी दाखवा, उत्तरायणच्या संध्याकाळी नका नेऊ, तेव्हा तिथे फार रक्त असतं आणि त्या माणसांना वेळही नसतो. गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७ पासून दर जानेवारीत चालतं, त्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी ठिकठिकाणी केंद्रं उघडतात. आणि २०१७ लाच राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी मिळतो. कार्डात आत एक ओळ छापायची असेल तर एवढीच छाप की सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी मावळताना पतंग उडवू नका, पक्षी तेव्हाच जात-येत असतात, आणि पक्षी सापडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, खोक्यात अंधारात ठेवा. ही ओळ मात्र मोठ्यांची, ती पोरीच्या तोंडी घालू नका.

कार्डाच्या मागे तिचं पहिलं नाव आणि वय, बास. शाळा, आडनाव, फोन नको. शंभर अनोळखी घरांत जाणार आहे ते.

आता तो शेवटचा, मुलीत कला आहे का. मला नाही माहीत, आणि सहाव्या वर्षी कोणालाच कळत नाही, जो कळतं म्हणतो तो वर्गाची फी मागणार असतो. तू इंदूरची, चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे तुमच्या गावचे आणि नंतर आमच्या फाइन आर्ट्सला शिकवायला, तेव्हा हवं तर पाणी चांगलं आहे असं म्हण. पण त्या कॉलेजातून मी घेतलं ते वेगळंच. तिथे फाइन आर्ट्स फेअर भरायची, साठच्या दशकापासूनची प्रथा, शिक्षक आणि मुलं मिळून खेळणी, बाहुल्या, कार्डं करायची आणि गावाला विकायची. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा माणूस लाकडाचे ठोकळे, चामड्याचे तुकडे आणि मणी घेऊन प्राणी करत बसायचा. एवढा मोठा चित्रकार आणि काम खेळण्यांचं. ते बघितल्यावर "ही नुसती कार्डं आहेत" असं म्हणायची माझी हिंमत नाही झाली कधी.

तिला म्यूझियममध्ये ने, कमाटीबागेत. तो देवमाशाचा अख्खा सांगाडा बघू दे, तासभर बघू दे. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, तिथे पण जा, पण समजावून वगैरे सांगू नकोस. घरी आल्यावर काढ म्हणू नकोस. काढेल तर काढेल.

आणि ती मांजा खाणारी मगर निवडलेल्या चारांत आली तर त्यातलं एक माझ्यासाठी ठेव. वाणातलं नको, विकत घेईन. ठसा असलेलं दे.